दिमित्रिस दियामांदिदिस: एनबीएत कधीच न गेलेला पॉइंट गार्ड

चोवीस_सेकंद
बास्केटबॉलमध्ये युरोपियन पॉइंट गार्डचा, म्हणजे चेंडू हाताळून संघाचा खेळ चालवणाऱ्याचा, विषय काढला की आपल्याकडे गाडी हमखास एनबीएवर, त्या अमेरिकन लीगवर जाते. टोनी पार्कर, लुका डॉन्चिच, संपला विषय. जो तिकडे गेला नाही तो जणू खेळलाच नाही! म्हणून हा धागा मुद्दाम दियामांदिदिसवर.

आधी ठळक गोष्टी. जन्म ६ मे १९८०, उत्तर ग्रीसमधलं कास्तोरिया. तळ्याकाठचं गाव, फरच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. १९९९ ते २००४ थेसालोनिकीचा इराक्लिस, २००४ ते २०१६ अथेन्सचा पानाथिनाइकोस. संपूर्ण कारकिर्दीत क्लब दोनच. उंची १.९६ मीटर, डावखुरा. युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, तीन वेळा (२००७, २००९, २०११), त्यातल्या २००७ आणि २०११ ला फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. २०११ मध्ये अख्ख्या हंगामाचाही एमव्हीपी तोच. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू सहा वेळा: २००५ ते २००९ सलग, आणि पुन्हा २०११. ग्रीक लीग ९, ग्रीक कप १०. देशाकडून २००५ चं युरोबास्केट (युरोपियन देशांची स्पर्धा) सुवर्ण आणि २००६ च्या जागतिक स्पर्धेचं रौप्य.

आता खेळ बघा. उडी बेताची, पहिलं पाऊल काही विजेसारखं नाही, जंप शॉट तर बघायलाही ओबडधोबड. तरीही हा माणूस आठ वर्षं युरोपातल्या सर्वात कडक प्रशिक्षकांपैकी एकाचा आणि बारा वर्षं सर्वात तापट प्रेक्षकांचा भरवशाचा गडी राहिला. माझं म्हणणं इतकंच आहे की फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांत पॉइंट गार्डला जे काम असतं त्यातलं अर्धं स्कोअरकार्डावर उमटतच नाही, आणि दियामांदिदिस नेमका त्या अर्ध्यात सगळ्यांच्या पुढे होता. पटत नसेल तर मांडा.

टेबल_ऑफिशियल
नियमांपासून सुरुवात करू, कारण निम्मे गैरसमज तिथलेच आहेत. आपल्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धाही फिबाच्याच नियमांनी होतात, पण टीव्हीवर एनबीए बघून लोक त्याच चष्म्यातून मैदानाकडे बघतात.

एक, डिफेन्सिव्ह तीन सेकंदांचा नियम फिबात नाही. बचावाचा सेंटर (रिंगजवळचा सर्वात उंच खेळाडू) कुणालाही मार्क न करता रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. एनबीएत ती जागा रिकामी करावी लागते म्हणून वेगवान गार्ड सरळ आत घुसतो. युरोपात आत भिंतच असते. तिथे नुसत्या वेगावर भागत नाही, भिंतीतली वीट हलवून मग पास द्यावा लागतो.

दोन, टाइम-आउट. चेंडू चालू असताना फिबात टाइम-आउट मिळत नाही आणि खेळाडूला तो मागताच येत नाही. मागायचा प्रशिक्षकाने, तोही टेबलकडे, आणि मिळणार खेळ थांबल्यावर किंवा आपल्यावर बास्केट झाल्यावर. आजच्या नियमात पहिल्या हाफमध्ये २, दुसऱ्या हाफमध्ये ३, आणि त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त २. म्हणजे समोरच्याने अचानक झोन लावला (माणसाऐवजी जागा राखली) किंवा ट्रॅप केला (चेंडूवाल्यावर दोघे धावून गेले) तर निभावून नेणारा एकच माणूस, चेंडू हातात असलेला गार्ड.

तीन, वेळ. ४० मिनिटं, एनबीएत ४८. शिवाय युरोलीगचे प्रशिक्षक दहा-दहा माणसं फिरवतात. तिथला १२ गुणांचा खेळाडू इथे २० चा दिसला असता, असा सरळ गुणाकार करू नका. पण आकडे लहान का दिसतात त्याचं पहिलं कारण हे.

चार, २०१० च्या हंगामापासून थ्री पॉइंटची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली, समलंब आकाराची ‘की’ (रिंगसमोरची रंगवलेली जागा) आयताकृती झाली आणि रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं नो-चार्ज अर्धवर्तुळ (ज्यात उभ्या बचावपटूला धडकल्यास आक्रमकावर फाउल लागत नाही) आलं. त्याच हंगामात, तिशी ओलांडताना, हा गडी एमव्हीपी झाला. योगायोग वाटत नाही. रेषा अर्धा मीटर मागे गेली की बचावाला तेवढी जास्त जागा झाकावी लागते, आणि फटीतून पास काढणाऱ्याचं फावतं.

लेफ्टी१३
उच्चाराबद्दल शंका. इंग्रजी कॉमेंटरीत डायमांटिडिस ऐकू येतं.

चोवीस_सेकंद
ग्रीकमध्ये शब्दाच्या मध्ये ‘न्त’ लिहिलेलं असलं की ‘न्द’ होतं, आणि त्यांचा ‘द’ जिभेचं टोक दातांत धरून काढलेला मऊ असतो. मराठीत दियामांदिदिस सर्वात जवळचं. डायमांटिडिस म्हटलंत तरी माणूस तोच, वाद नको.

वीकसाइड
मूळ मुद्दा पिक अँड रोलचा, म्हणजे सहकारी बचावपटूच्या वाटेत अंगाची आड (स्क्रीन) लावतो आणि मग रिंगकडे वळतो (रोल) त्या खेळीचा, तो सविस्तर लिहितो. पानाथिनाइकोसचे प्रशिक्षक झेल्यको ओब्रादोविच स्वतः बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबचे पॉइंट गार्ड. प्रशिक्षक म्हणून त्यांनी नऊ युरोलीग जिंकल्या, त्यातल्या पाच पानाथिनाइकोसबरोबर. त्यांच्या संघाचा कणा म्हणजे दियामांदिदिस आणि अमेरिकन सेंटर माइक बतिस्त यांची जोडी. टप्प्याटप्प्याने पाहू.

चेंडू मिळाल्यापासून हाफ लाइन ओलांडायला ८ सेकंद असतात, पण चांगला संघ चार-पाचात पलीकडे जातो. पहिली हालचाल बहुतेक वेळा खोटी असते. दुसऱ्या बाजूला एक पास, एक हँडऑफ (चेंडू हातोहात देणं), हेतू इतकाच की बचावाच्या माणसांना बाजू बदलायला लावायची. २४ सेकंदांच्या शॉट घड्याळात साधारण १४ उरले की खरा स्क्रीन येतो. तो फसला तर ७-८ सेकंदांवर दुसरा, बाजू बदलून.

स्क्रीनआधी गार्डने उलट दिशेला दोन पावलं जायचं, म्हणजे बचावपटूचं वजन तिकडे झुकतं. मग वळताना आपला खांदा स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला घासून गेला पाहिजे. इथे अर्ध्या मीटरची फट राहिली तरी बचावपटू त्यातून निसटतो आणि स्क्रीन वाया जातो. आपल्याकडच्या पोरांची नव्वद टक्के गडबड याच जागी. दुसरी गडबड घाईची. सेंटर पाय रोवून उभा राहायच्या आत गार्ड निघतो, सेंटर धक्का देत त्याच्यामागे सरकतो, आणि शिट्टी वाजते. फाउल सेंटरच्या नावावर लागतो, चूक गार्डची असते.

स्क्रीन पार झाल्यावर डोळे कुठे असावेत? रोल करणाऱ्या सेंटरवर नाही. त्याला अडवायला कोपऱ्यातून जो तिसरा बचावपटू आत सरकतो, त्याच्यावर. तो पूर्ण आत आला तर कोपरा मोकळा, अर्धवट आला तर सेंटर मोकळा, आलाच नाही तर स्वतः आत. दियामांदिदिस हे वाचायला एक ड्रिबल जास्त घ्यायचा. वेग कमी करून बचावपटूला पाठीवर घ्यायचा आणि तिसऱ्या माणसाला निर्णय घ्यायला भाग पाडायचा. म्हणून तो सावकाश वाटतो. तो सावकाशपणा हेच त्याचं हत्यार.

बतिस्तला जाणारा पास बहुतेकदा जमिनीवर एक टप्पा देऊन, दोन बचावपटूंच्या मधून. डाव्या हाताचा असल्याने सुटण्याचा कोन वेगळा. बचावाचे हात उजव्या हाताच्या पासची वाट बघायला सरावलेले असतात.

बचावाचा सेंटर बाहेर येऊन अंगावर चढला, म्हणजे हेज किंवा ट्रॅप केला, तर ड्रिबल थांबवायचं नाही. चेंडू दोन्ही हातांत धरलात की संपलं, दोन माणसं अंगावर आणि पाच सेकंदांचं मोजणं सुरू. दोन ड्रिबल मागे घ्यायची, दोघांना सोबत ओढायचं आणि मधल्या माणसाला पास द्यायचा. तिथून पुढे तिघा बचावपटूंविरुद्ध आपले चार. ट्रॅपमधून काढलेला हा पास असिस्ट (थेट बास्केट घडवणारा पास) ठरत नाही, असिस्ट त्यापुढच्याला मिळतो.

झोन_प्रेस
सुंदर लिहिलंयत, पण थोडी थंड पाण्याची बादली. २००६ च्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, जपानमधल्या साइतामात, ग्रीसने अमेरिकेला १०१-९५ हरवलं, ते श्रेय कायम दियामांदिदिसच्या खात्यावर टाकलं जातं. त्या दिवशी पिक अँड रोल चालवला तो थिओदोरोस पापालुकासने. १२ असिस्ट त्याचे. रोल करणारा धिप्पाड सोफोक्लिस स्खोर्तसानितिस. सर्वाधिक गुण तिसरा गार्ड वासिलिस स्पानुलिसचे, २२. समोर लेब्रॉन, वेड, कार्मेलो, क्रिस पॉल. अमेरिकेने तोच स्क्रीन पुन:पुन्हा खाल्ला आणि शेवटपर्यंत उत्तर सापडलं नाही. पापालुकास तर तेव्हा सीएसकेए मॉस्को क्लबात बेंचवरून उतरायचा आणि पुढच्याच वर्षी युरोलीगचा एमव्हीपी झाला. मला विचाराल तर शुद्ध पासिंगमध्ये पापालुकास वरचा.

आणि दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात स्पेनने ग्रीसला ७०-४७ धुतलं, तेही सांगा की.

चोवीस_सेकंद
मान्य, साइतामाचा नायक पापालुकास. पण या ग्रीक संघाची गंमतच ती होती. प्रशिक्षक पानायोतिस यानाकिस, १९८७ चं युरोबास्केट खेळाडू म्हणून जिंकलेला पॉइंट गार्ड. त्याने पापालुकास, दियामांदिदिस, स्पानुलिस असे चेंडू हाताळणारे तिघे एकाच संघात बसवले. समोरचा सर्वात धोकादायक गार्ड तिघांतलं कोण मार्क करणार, या प्रश्नाला उत्तर एकच होतं, दियामांदिदिस.

आणि २००५ च्या युरोबास्केटची बेलग्रेडमधली उपांत्य फेरी विसरू नका. फ्रान्सविरुद्ध शेवटच्या मिनिटात सात गुणांनी मागे आणि शेवटच्या क्षणांत विजयाचा थ्री पॉइंटर दियामांदिदिसचा. ६७-६६. ज्याचा शॉट ओबडधोबड म्हणतो, त्याचाच. दुसऱ्या दिवशी जर्मनीला ७८-६२ हरवून सुवर्ण.

लेफ्टी१३
बचावाबद्दल कुणी लिहिणार का? सहा वेळा सर्वोत्तम बचावपटू म्हणजे थोडंथोडकं नाही, तेही गार्डला. हा मान सहसा सेंटरकडे जातो.

वीकसाइड
तीन गोष्टी. पहिली भूमिती. समोरासमोर उभे राहिलात की तुमचा डावा हात समोरच्याच्या उजव्या हाताला भिडतो. जगातले बहुतेक गार्ड उजव्या हाताने ड्रिबल करतात. म्हणजे दियामांदिदिसचा चपळ हात कायम चेंडूच्या बाजूला. उजव्या हाताच्या बचावपटूला तिथे पोचायला अंग वळवावं लागतं, आणि अंग वळलं की समोरचा निघून जातो.

दुसरी, हातांची लांबी. १.९६ मीटर उंची पॉइंट गार्डला भरपूरच, त्यात हात आणखी लांब. त्यामुळे तो समोरच्यापासून एक हात लांब उभा राहूनही पासवर दबाव ठेवू शकायचा. अंगाला चिकटून उभं राहणारा बचावपटू पहिल्या झटक्यात मागे पडतो. हा सुरक्षित अंतरावरून तेच काम करायचा.

तिसरी गोष्ट शिकवण्यासारखी. स्क्रीनवर अडकल्यावर तो हताश होऊन थांबायचा नाही. स्क्रीनच्या वरून येऊन ड्रिबल करणाऱ्याच्या पाठीमागे, कमरेशी, पाठलाग करत राहायचा. समोरच्याला वाटतं सुटलो, तो शॉटला उठतो आणि मागून हात येतो. गार्ड असून त्याचे ब्लॉक (हवेतच अडवलेले शॉट) बरेच असण्याचं कारण हेच. यात धोका एक, अंग पाठीला लागलं तर फाउल, आणि फिबात पाच फाउलला बाहेर, एनबीएसारखे सहा नाहीत. म्हणून मागचा हात सरळ वर, खाली मारायचा नाही.

वयोगटातल्या मुलांना शिकवताना स्टीलचा (चेंडू हिसकावण्याचा) हव्यास आधी काढा. हात खालून वर आला पाहिजे, वरून खाली आला की शिट्टी ठरलेली.

टेबल_ऑफिशियल
आकड्यांवर दोन शब्द. युरोलीगमध्ये पीआयआर नावाचा निर्देशांक चालतो. गुण, रीबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू), असिस्ट, स्टील, ब्लॉक आणि मिळवलेले फाउल यांची बेरीज. त्यातून हुकलेले फील्ड शॉट, हुकलेले फ्री थ्रो, टर्नओव्हर (गमावलेले चेंडू), आपल्यावर झालेले ब्लॉक आणि केलेले फाउल वजा. काल्पनिक उदाहरण: १० गुण, ४ रीबाउंड, ६ असिस्ट, २ स्टील, ३ फाउल मिळवले, म्हणजे २५. वजाबाकीत ५ शॉट हुकले, १ फ्री थ्रो हुकला, ३ टर्नओव्हर, २ फाउल, म्हणजे ११. पीआयआर १४.

खोट कुठे आहे ते दिसतंय ना? वीकसाइड यांनी सांगितलेला ट्रॅपमधून काढलेला पास यात शून्य. समोरच्याचा पास नुसता बोटाने वळवला आणि चेंडू परत त्यांनाच मिळाला, तरी शून्य, पण घड्याळातले चार सेकंद गेले ते गेलेच. गार्डला चेंडूच मिळू दिला नाही, शून्य.

असिस्टची एक तांत्रिक गोष्ट: पास घेतलेल्यावर शॉट मारताना फाउल झाला आणि त्याने निदान एक फ्री थ्रो टाकला, तर फिबाच्या नोंदीत पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. एनबीएत मिळत नाही. दोन लीगची असिस्टची तुलना करताना हे लक्षात घ्या. निवृत्त झाला तेव्हा युरोलीगच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट आणि सर्वाधिक स्टील, दोन्ही दियामांदिदिसच्या नावावर होते. असिस्टचा विक्रम पुढे स्पानुलिसने मोडला, त्याचा निक कालाथिसने.

झोन_प्रेस
स्पानुलिसचं नाव निघालंच आहे तर बोलतो. तीन फायनल फोर एमव्हीपी: २००९, २०१२, २०१३. सामना अडला की चेंडू कुणाला द्याल? मी स्पानुलिसला देईन. दियामांदिदिस शेवटच्या दोन मिनिटांतही पासच शोधायचा.

चोवीस_सेकंद
प्रश्न चुकीचा नाही, पण २००९ चा पानाथिनाइकोस बघा. संघात दियामांदिदिस, एनबीएत ह्यूस्टनला एक हंगाम काढून परतलेला स्पानुलिस, आणि शारुनास यासिकेविचुस, ज्याने बार्सेलोनाकडून २००३ आणि तेल अवीवच्या मक्काबीकडून २००४, २००५ ला युरोलीग जिंकली होती. एका म्यानात तीन तलवारी. कुणीतरी चेंडू सोडल्याशिवाय असा संघ चालत नाही, आणि सोडणारा दियामांदिदिस होता. चेंडूशिवाय कोपऱ्यात उभा राहायचा, समोरचा सर्वात चांगला गार्ड मार्क करायचा, रीबाउंड घ्यायचा. उपांत्य फेरीत ग्रीसमधलाच कट्टर प्रतिस्पर्धी ओलिंपियाकोसला ८४-८२, अंतिम फेरीत बर्लिनमध्ये सीएसकेएला ७३-७१. त्या अंतिम सामन्यात पहिल्या हाफनंतर वीस गुणांची आघाडी होती, ती वितळत वितळत शेवटच्या थ्री पॉइंटरवर आली. मारणारा सीएसकेएचा शिश्काउस्कास, दोन वर्षांपूर्वी याच पानाथिनाइकोसकडून युरोलीग जिंकलेला. हुकला.

२०१० ला स्पानुलिस ओलिंपियाकोसला गेला आणि ग्रीसमध्ये भूकंप झाला. पुण्या-मुंबईच्या वादाची दहापट करा. तेव्हा लोक म्हणाले आता पानाथिनाइकोस संपला. चेंडू पुन्हा पूर्णपणे दियामांदिदिसकडे आला आणि त्याच हंगामात उपउपांत्य फेरीत गतविजेत्या बार्सेलोनाला ३-१, मग बार्सेलोना शहरातच झालेल्या फायनल फोरमध्ये इटलीच्या सिएनाला ७७-६९ आणि मक्काबीला ७८-७०. गरज असेल तेव्हा चेंडू सोडणारा आणि गरज असेल तेव्हा एकट्याने उचलणारा गार्ड एकच. झोन_प्रेस यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: अडलेल्या सामन्यात स्पानुलिस, पूर्ण हंगामाला दियामांदिदिस.

झोन_प्रेस
अर्धा मान्य :)

लेफ्टी१३
२०१२ नंतर काय झालं? त्याचे त्यानंतरचे सामने फारसे बोलले जात नाहीत.

टेबल_ऑफिशियल
ग्रीसची आर्थिक घडी विस्कटली, क्लबांचे पैसे आटले. २०१२ च्या फायनल फोरमध्ये इस्तंबूलला सीएसकेएकडून ६६-६४ असा निसटता पराभव, त्यानंतर ओब्रादोविच गेले, बतिस्त तुर्कस्तानच्या फेनरबाचेला, यासिकेविचुस बार्सेलोनाला, कालाथिस रशियात लोकोमोतिव कुबानला. राहिला तो कर्णधार दियामांदिदिस. मग २०१३ आणि २०१४ ला ग्रीक लीग जिंकली, २०१३ ला बार्सेलोनाविरुद्ध आणि २०१४ ला सीएसकेएविरुद्ध युरोलीगच्या उपउपांत्य फेरीत दोन्ही वेळा पाचव्या सामन्यापर्यंत झुंज. देशाच्या संघातून तो २०१० नंतर बाजूला झाला होता, त्यामुळे उन्हाळे मोकळे मिळाले. छत्तिसाव्या वर्षापर्यंत गार्ड म्हणून टिकण्यात त्या विश्रांतीचा वाटा मोठा. युरोपातला चांगला खेळाडू क्लब संपला की देशाकडे आणि देश संपला की क्लबकडे, वर्षाचे दहा-अकरा महिने खेळत असतो.

शेवट २०१६ ला, ग्रीक लीगच्या अंतिम मालिकेत ओलिंपियाकोसकडून पराभव. समोर स्पानुलिसच. तेरा नंबरची जर्सी क्लबने निवृत्त केली.

लेफ्टी१३
जुने सामने बघायचे तर कोणते, आणि नेमकं काय बघायचं?

वीकसाइड
२०११ चा मक्काबीविरुद्धचा अंतिम सामना आधी. पहिल्यांदा बघताना चेंडू बघू नका, कोपऱ्यातल्या तिसऱ्या बचावपटूचे पाय बघा. प्रत्येक पिक अँड रोलला तो किती पावलं आत आला ते मोजा आणि मग पास कुठे गेला ते ताडा. दहा-बारा खेळींत अंदाज बसतो.

२००९ च्या अंतिम सामन्याचा दुसरा हाफ बचावासाठी. यात सीएसकेएची पाठलागाची लाट आहे, त्यामुळे पानाथिनाइकोसकडून काय चुकलं तेही दिसतं. आघाडी राखायच्या नादात पहिला स्क्रीन घड्याळात आठ-नऊ सेकंद उरल्यावर लावायला लागले, दुसऱ्या स्क्रीनला वेळच उरेना, मग शेवटी कुणीतरी बळेच शॉट फेकायचा. वीसची आघाडी अशीच जाते.

२००५ चा फ्रान्सविरुद्धचा शेवटचा मिनिट नुसता मजा म्हणून. आणि रेकॉर्डिंग मिळालं तर आवाज ग्रीकच ठेवा.